मिराशीकाकांचा जानेवारीचा तक्ता

नव्या शेजाऱ्याला माणूस पहिल्यांदा काय विचारतो? नाव, गाव, फार तर मुलंबाळं. मिराशीकाकांनी मला लिफ्टमध्ये विचारलं, "ब्रूटो किती?"

बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगरातल्या त्या इमारतीत मला येऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, नाकाला पाणी आलेलं, आणि समोर साठीच्या आसपासचे एक सडपातळ गृहस्थ. पँटच्या दोन्ही पायांना सायकलच्या क्लिपा, खिशाला पेन्सिल. "मराठी ना? कुठल्या?" "पुण्याची." "मी सांगलीचा. मिराशी. ब्रूटो किती?" ब्रूटो म्हणजे कापाकापी व्हायच्या आधीचा पगार. मी पुण्याची आहे, असल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते मला पाठ असायला हवं होतं. पण मी इतकी भांबावले की खरा आकडा सांगून मोकळी झाले. त्यांनी डोळे मिटले. पाचव्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा डोळेही उघडले, आणि माझ्या हातात महिन्याला किती पडत असतील ते त्यांनी सांगितलं.

घरी जाऊन पिशव्या न ठेवताच मी पगाराची स्लिप काढली. अकरा युरोंचा फरक होता. मनात म्हटलं, चुकले हो म्हातारबा! दुसऱ्या दिवशी खोडसाळपणे स्लिप घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, एका ओळीवर पेन्सिल टेकवली आणि म्हणाले, "ही सवलत लावलेलीच नाही. कंपनीला सांग." कंपनीला सांगितलं, कंपनीने मान्य केलं, मागचे पैसेही दिले. त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणायला लागले आणि ते मला अगंतुगं करायला लागले.

काका पगाराचे प्रोग्राम बनवणाऱ्या एका कंपनीत होते. पंधरा-सोळा वर्षं एकच काम. सरकार दरवर्षी एक जानेवारीला प्राप्तिकराच्या पायऱ्या थोड्या वर सरकवतं, करातली सूट वाढवतं, विम्याच्या आणि पेन्शनच्या हप्त्याला किती पगारापर्यंत धरायचं ती मर्यादा बदलतं. ते सगळे नवे आकडे प्रोग्राममध्ये भरायचे आणि तपासायचे. मी एकदा विचारलं, "काका, कंटाळा नाही येत? वर्षानुवर्षं तेच?" ते दुखावलेच. "तेच कसं? दरवर्षी सगळेच्या सगळे आकडे नवे!"

पायऱ्या का सरकवतात, हे त्यांनी मला कुमुदकाकूंच्या शिवणयंत्रापाशी उभं राहून समजावलं. काकू नातीसाठी फ्रॉक शिवत होत्या. काकांनी फ्रॉकचा घेर उलटा केला. "ही दुमड बघ. पोर वाढणार हे हिला माहीत आहे, म्हणून आधीच कापड सोडलंय. वर्ष झालं की एक टीप उसवायची. महागाई वाढते तसा पगार वाढतो. माणूस श्रीमंत होत नाही, नुसता लांब होतो! मग कराची पायरी तिथेच ठेवली तर बिचारा उगाच वरच्या पायरीवर जाऊन बसेल आणि जास्त कर भरेल. म्हणून सरकारने दरवर्षी टीप उसवायची. न वाढवलेलं म्हणजे कमी केलेलं, लक्षात ठेव." काकू दातांत दोरा धरून म्हणाल्या, "फ्रॉक सोडा आधी. हात धुतलेत का?"

न वाढवलेलं म्हणजे कमी केलेलं. हे वाक्य आम्ही सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवू. डिसेंबरात नवे आकडे जाहीर झाले की काकांचा फोन यायचा. हॅलो नाही, काही नाही. "आकडे आले!" घरात बाळंतपण सुखरूप पार पडल्यासारखा आवाज. मग दोन-तीन आठवडे काका कोणाला दिसायचे नाहीत. संक्रांतीला काकूंच्या हळदीकुंकवाला आम्ही बायका वाण घ्यायचो आणि आमचे नवरे तिळगुळाबरोबर काकांचा तक्ता. एकच कागद, हाताने आखलेला, झेरॉक्स केलेला. तीन रकाने: गेल्या वर्षी, यंदा, आणि तिसरा 'आपल्याला काय'. करसल्लागाराच्या दहा पानांत जे कळायचं नाही ते त्या तिसऱ्या रकान्यात एका ओळीत असायचं. 'आनंद मानावा', 'विशेष नाही', 'ज्यांची बायको कमावत नाही त्यांनी अर्ज करावा'. अगदी खालची ओळ परमिटची. नॉलेज मायग्रंट, म्हणजे शिकलेला परदेशी नोकरदार, म्हणून इथे राहायचं तर पगार सरकारने ठरवलेल्या किमान पातळीच्या वर हवा, आणि ती पातळीही दर जानेवारीला सरकायची. तिच्यासमोर नेहमी एकच शब्द: 'जपा'.

बरं, हे वेड कागदापुरतं राहिलं असतं तर काय पाहिजे होतं! काका घरातल्या सगळ्याचीच दरवर्षी टीप उसवायचे. नातीचा खाऊ, केस कापणाऱ्याची बक्षिसी, काकूंचा हातखर्च. एका जानेवारीत त्यांनी माझ्यादेखत जाहीर केलं की कुमुदच्या स्वयंपाकाचं कौतुकही महागाईप्रमाणे वाढलं पाहिजे. गेल्या वर्षी आठवड्यातून दोनदा 'छान झालंय' म्हणत होतो, यंदा दोनाहून थोडं जास्त म्हणायला हवं. काकू शांतपणे म्हणाल्या, "ते वाढवाल हो. पण मुळात दोन हा आकडा कोणी ठरवला?" काकांना त्या दिवशी आमटी फार गरम लागली.

आणि मंडळाची सभा! आमच्या मराठी मंडळाची वर्गणी नऊ वर्षं तीच होती. मागायला संकोच, दुसरं काय. काका उभे राहिले. "नऊ वर्षं आपण वर्गणी दरवर्षी कमी करत आलोय, आणि वर गणपतीला जेवण कमी पडतं म्हणून ओरडतोय." अध्यक्ष म्हणाले, ठीक आहे, पाच युरो वाढवू. काका म्हणाले, "पाच? कशाच्या आधारावर पाच? एवढी महागाई झालेलीच नाही!" तास भांडून त्यांनी वर्गणी वाढवून घेतली, ती एक युरो पस्तीस सेंटने. त्या वर्षी खजिनदार गणपतीत दारापाशी चिल्लर मोजत बसले होते आणि काकांकडे बघत नव्हते.

काकांचा एक नियम मात्र दगडावरची रेघ होता. पुढच्या वर्षीच्या आकड्यांबद्दल कोणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात विचारलं की ते हात वर करायचे. "न आलेल्या आकड्यावर मी बोलत नाही. अंदाज सांगायला मी ज्योतिषी नाही." याच नियमाने त्यांना एकदा तोंडघशी पाडलं. आणि त्यांच्याबरोबर मेधालाही.

मेधा माझ्या ऑफिसातली, कोल्हापूरची, गोड आणि गडबडी. नवरा प्रसाद पुण्यातली चांगली नोकरी सोडून तिच्या परमिटच्या आधारावर इथे आलेला, डच शिकत होता. मुलगी इथल्या शाळेत रमलेली. दोन हजार पाचच्या शरदात मेधाचं आमच्याकडचं काम संपणार असं झालं, आणि तिने आइंडहोवनजवळच्या न्यूनेनमध्ये एका छोट्या कंपनीत नोकरी शोधली. दहा-बारा माणसं, गायींचं दूध काढायच्या यंत्रांचे प्रोग्राम लिहायची. मालक म्हणाला, पगार फार देऊ शकत नाही, पण परमिटला लागेल तेवढा देतो. किती लागेल ते तू सांग.

मीच मेधाला काकांकडे घेऊन गेले. काकांनी विचारलंही नाही, मागेपुढे पाहिलंही नाही. एका चिठ्ठीवर पातळीचा आकडा लिहून दिला. "याच्यावर पाहिजे. एक युरो वर असला तरी चालेल." मेधाने वीस युरो वर मागितले, मालकाने दिले, करार झाला. एक वर्षाचा. एक जानेवारीपासून.

एक जानेवारीपासून! आता कळतंय, तेव्हा आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. काकांनी ऑक्टोबरात चालू असलेला आकडा दिला, कारण न आलेल्या आकड्यावर ते बोलत नसत. आणि नोकरी कधीपासून, हे त्यांनी विचारलंच नाही. सगळ्या जगाला दरवर्षी टीप उसवायला सांगणारा माणूस, आणि नेमकी तीच टीप उसवायची राहिली.

त्या डिसेंबरात काकांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. नव्या वर्षापासून देशातल्या आरोग्यविम्याची सगळी घडीच बदलणार होती, पगाराच्या प्रोग्राममध्ये अर्धे रकाने नवे. त्यामुळे घरचा तक्ता मागे पडला. तो पुरा करायला ते बसले ते थेट एकतीस डिसेंबरच्या सकाळी. साडेनऊला माझी बेल वाजली. दारात काका. हातात तक्ता, पायांत घरातल्या सपाता. मी म्हटलं, "काय हो काका, आकडे आले?"

"सुनीता, मी मेधाला बुडवलं," ते म्हणाले.

तक्त्यावरच्या शेवटच्या ओळीत यंदाचा रकाना भरलेला होता. मेधाचा पगार नव्या पातळीपेक्षा महिन्याला चाळीसेक युरोंनी कमी पडत होता. अर्ज दोन जानेवारीला जायचा होता, तोच पगार लिहून. तो नाकारला की परमिट गेलं, मेधाचं गेलं म्हणजे प्रसादचंही गेलं, मुलीचंही, आणि जुनी नोकरी तर आजच संपत होती. चाळीस युरोंसाठी तिघांनी सामान आवरायचं. मी खुर्ची पुढे केली, पण काका बसेनात. "तुझ्याकडे गाडी आहे ना? काढ."

"काका, आज वर्षाचा शेवटचा दिवस. ऑफिस बंद असणार."

"घर असेल ना त्याचं?"

 हा माणूस शेजारच्या डच आजींकडे साखर मागायला जातानाही आधी फोन करून वेळ ठरवायचा. इथे न सांगता कोणाच्या दारात जाणं म्हणजे काय, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. पण त्या दिवशी ते सपाता बदलायलासुद्धा थांबत नव्हते. काकूंनी बूट हातात आणून दिले आणि मला म्हणाल्या, "हळू चालव. आणि त्यांना बोलू दे, मध्ये तू बोलू नकोस."

अख्ख्या वाटेत काका एकदाच बोलले. "पातळी वाढणार हे मला माहीत होतं गं. कितीने ते माहीत नव्हतं, पण वाढणार हे माहीत होतं."

निघतानाच मी मेधाला फोन केला होता; न्यूनेनला ती आमच्या आधीच पोचून मालकाच्या घराच्या कोपऱ्यावर उभी होती, रडून डोळे सुजलेले. काकांना बघून तिला आणखी रडू आलं. काका म्हणाले, "चूक माझी आहे. तू रडायचं नाहीस. आत गेल्यावर फक्त नमस्कार कर." मालकाचं नाव टोन. दार त्याच्या बायकोने उघडलं आणि आम्हा तिघांकडे बघून तिने बाजूच्या शेडकडे बोट केलं. टोन शेडमध्ये ओलीबोलन तळत होता. वर्षाच्या शेवटच्या दिवशी इथे घरोघर हे पिठाचे गोळे तळतात, वर पिठीसाखर. मोठं पातेलं, गॅसची शेगडी, हातात झारा, पोटावर एप्रन, कपाळावर घाम. तळण चालू असताना आलेल्या पाहुण्यांकडे आपल्या बायका जशा बघतात तसाच तो आमच्याकडे बघत होता.

काका डचमध्ये बोलायला लागले. माझं डच तेव्हा बाजारहाटापुरतं, मेधा माझ्या कानात सांगत होती. टोनचा चेहरा आधी लाल होता, तो आणखी लाल झाला. "ऑक्टोबरात आकडा हिनेच सांगितला. मी तो दिला. आता आदल्या दिवशी एका काकाला घेऊन माझ्या घरी पगार वाढवून मागायला येते? असं आमच्यात करत नाहीत." मेधा मान खाली घालून उभी. मला वाटलं, संपलं.

काकांनी खिशातून चिठ्ठी काढली. ऑक्टोबरातली, त्यांच्याच अक्षरातली. मेधाकडून त्यांनी ती आताच कोपऱ्यावर मागून घेतली होती. "हा आकडा हिचा नाही. माझा आहे. हे माझं अक्षर. मी पंधरा वर्षं पगाराचे आकडे तपासतो, आणि मी हिला विचारलं नाही की नोकरी कधीपासून. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, तुम्ही तिच्यावर ठेवलात. खोटं कोणीच बोललं नाही. मूर्खपणा एकट्या माझा." मग म्हणाले, "पण माझ्या मूर्खपणासाठी परत जावं लागेल ते तिला."

टोनने झारा खाली ठेवला. किती कमी पडतात म्हणून विचारलं. काकांनी सांगितलं. "महिन्याला चाळीस? एवढ्यासाठी हिला देशाबाहेर काढतील?" "एका युरोसाठीही काढतील," काका म्हणाले. मागून टोनची बायको तिकडचा ब्राबांटी हेल काढून काहीतरी म्हणाली. ते भाषांतर करायची मेधाला गरज पडली नाही, जगातल्या कुठल्याही नवऱ्याला तो सूर कळतो. टोनने एप्रनला हात पुसले आणि म्हणाला, "लिहा. चाळीस."

आणि काका म्हणाले, "नाही."

मेधाने माझा हात इतक्या जोरात दाबला की दुसऱ्या दिवशी वळ होता. काका पेन्सिलीने शेडमधल्या फळीवर आकडेमोड करत होते. "हिचा करार एक वर्षाचा. पुढच्या जानेवारीत परमिट पुन्हा वाढवायचं, आणि तोवर पातळी पुन्हा सरकलेली असेल. यंदा पुरेल एवढंच दिलंत तर पुढच्या एकतीस डिसेंबरला मी पुन्हा इथे उभा असेन. शंभर लिहा." अहो, काय म्हणावं या माणसाला! भीक मागायला आलेला आणि वर भाव करतोय!

टोनने झारा पुन्हा उचलला. "तुम्ही हिचे कोण? वडील?"

काकांनी विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं, आणि परकाही म्हणायचं नव्हतं. मग लग्नाच्या मांडवात सांगतात तसं त्यांनी डचमध्ये शब्दाला शब्द लावून सांगितलं, "मी मुलीकडचा."

टोनला काय कळलं देव जाणे, पण तो असा हसायला लागला की शेगडी बंद करावी लागली. "असं असेल तर मी मुलाकडचा!" म्हणाला. शंभर दिले. नवा कागद टोनच्या बायकोने आतून छापून आणला, सह्या त्याच फळीवर झाल्या. कागदाच्या कोपऱ्यावर तेलाचा डाग पडला म्हणून काकांनी दुसरी प्रत मागितली आणि त्यावर पुन्हा सह्या घेतल्या. निघताना आम्हाला पिशवीभर ओलीबोलन मिळाले. काकांनी परतीच्या वाटेवर गाडीत एकामागून एक चार खाल्ले आणि पाचवा हातात धरून रडले. मी रेडिओ लावला आणि रस्त्याकडे बघत राहिले.

संक्रांतीला तक्ते वाटायच्या आधी काका सगळ्यांसमोर उभे राहिले आणि आपण काय चुकलो ते पहिल्यापासून सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. मेधा म्हणाली, "काका, जाऊ दे ना आता." काका म्हणाले, "का जाऊ दे? यांच्यातल्याही कोणाकोणाला मी आकडे दिलेत. सगळ्यांनी आपापले करार काढा आणि तारखा बघा." त्या संध्याकाळी आणखी एकाचा घोळ सापडला, तोही वेळेत.

परमिटचं पत्र यायला मार्च उजाडला. तोवर काकांनी मेधाला एकदाही फोन केला नाही, आणि मला मात्र रोज लिफ्टमध्ये विचारायचे, "ती बरी आहे ना?" पत्र आल्यावर मेधा पेढे घेऊन आली. काकांनी आधी पत्र वाचलं, नाव, जन्मतारीख, मुदत, सगळं पेन्सिल फिरवून. मग पेढा घेतला. पुढच्या जानेवारीत पातळी पुन्हा वर सरकली आणि मेधाचा पगार तिच्या वरच राहिला. टोनने म्हणे स्वतःहून विचारलं, मुलीकडचे कसे आहेत?

त्याच फेब्रुवारीत काका निवृत्त होऊन काकूंसह सांगलीला परत निघाले. विमानतळावर आम्ही पंधरा-वीस जण पोचवायला गेलो होतो. काकांनी मेधाला बाजूला घेतलं आणि एक फाइल तिच्या हातात ठेवली, आजवरचे सगळे तक्ते. "पुढचा तक्ता तू करायचास."

"मी? काका, मला नाही येत हे. आणि इथे तुमच्याच क्षेत्रातले किती जण आहेत."

"आहेत. पण त्यांचं कोणाचं कधी अडलेलं नाही. तुझं अडलंय. तू दोनदा तपासशील."

 मेधा वाकून नमस्कार करायला गेली तर काकांनी तिला वरच्यावर उचललं. मग काका-काकू पासपोर्टच्या रांगेत गेले. काकूंनी वळून हात केला. काकांनी नाही. काचेपलीकडे त्यांची पाठ दिसत होती, हातात दोघांचे पासपोर्ट, नेहमीसारखी ताठ पाठ. आम्ही वळणार इतक्यात ते रांग सोडून उलटे आले. अधिकाऱ्याने "मेनेर! मेनेर!" म्हणजे 'अहो साहेब' म्हणून हाक मारली. काकू कपाळाला हात लावून उभ्या. काका दोरीपाशी येऊन थांबले, तोंडाशी हात धरला आणि सगळ्या विमानतळाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "मेधा! कोणी आकडा विचारला तर आधी तारीख विचार! नोकरी कधीपासून ते आधी विचार!"

"विचारते, काका!" मेधा ओरडली. फाइल छातीशी धरलेली, आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

"आधी!" काका म्हणाले, आणि रांगेत आपल्या जागी परत जाऊन उभे राहिले.